कोंडीबाचा न दुखणारा पाय

पुसेगावात कुणाच्या पायात काटा मोडला, की तो लंगडत चतुराबाईच्या ओट्यावर यायचा. तिच्या लग्नानंतर काही वर्षांतच ही रीत पडली आणि पुढे ती बदलावी असं कुणाला वाटलं नाही. सुई, रॉकेलची चिमणी आणि बिब्बा, एवढीच तिची हत्यारं. आलेल्या माणसाला भिंतीला टेकून बसवायची, त्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि सुईच्या बोथट टोकानं जखमेभोवती दाबत जायची. नवख्याला वाटे, बाईचं लक्ष नाही. कारण ती पायाकडे बघतच नसे, तोंडाकडे बघे. कपाळाला आठी पडली, की काटा जवळ आहे. ओठ आवळले, की सुई नेमकी त्याच्यावर आहे. पाय हिसकला, की सापडला. मग सुई फिरवून ती काटा अलगद वर काढायची आणि चिमणीवर तापवलेल्या बिब्ब्याचं तेल त्या जागी टेकवायची. माणूस कळवळला की म्हणायची, "पोळलं ना? मंग झालं बरं."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा कोंडीबा तंबाखू मळत बसलेला असे. येणाऱ्यांची टिंगल करणं हे त्याचं संध्याकाळचं काम.

"संतराम, तुझी बायको बाळंतपणात एवढी वरडली न्हवती रे."

"तुमच्या पायात घुसंल तवा बघू, कोंडीबा."

"माझ्या पायाला काटा भेतो."

हे अगदीच खोटं नव्हतं. दोन-तीन वर्षांपासून कोंडीबाच्या पायाला फारसं काही लागेनासं झालं होतं. कापसावर चालल्यावानी वाटतं, असं तो कधी कधी म्हणायचा. तहान फार लागायची, अंग उतरलं होतं. गोरेगावच्या डॉक्टरनं एकदा साखरेचा आजार सांगून गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या संपल्या तेव्हा कोंडीबाला बरं वाटत होतं, म्हणून त्यानं पुन्हा आणल्या नाहीत. पायाचा आणि साखरेचा काही संबंध असेल, हे दोघांच्याही मनात आलं नाही. चहात घालायच्या साखरेनं तळपायाला काय व्हावं?

हिंगोली जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली होती. त्या वर्षी संक्रांतीच्या आसपास तूर कापून झाली. तूर विळ्यानं तिरपी कापतात. जमिनीत उरतं ते धसकट खिळ्यासारखं कडक आणि टोकदार असतं. कोंडीबा डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन त्या रानातून आला. घरी येऊन स्लीपर काढली, तेव्हा ती आतून लाल होती.

"आज माझी पाळी," तो हसत म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला.

चतुराबाईनं पाय मांडीवर घेतला. करंगळीच्या खाली, तळव्याच्या पुढच्या भागाला एक लहानसं भोक होतं. तिनं सवयीनं दाबायला सुरुवात केली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तो तंबाखू मळत होता. तिनं जोर केला. तो शेजारच्या गाईविषयी काहीतरी सांगत होता. तिनं सुईचं टोक आत घातलं, फिरवलं.

"दुखलं का?"

"काय करून राहिलीस तेवढं तर सांग. मला वाटलं, अजून पाणीच आणायला गेलीस."

आत काही नाही, असं तिनं ठरवलं. असतं तर तोंडावर दिसलं असतं. बिब्बा टेकवला, तेव्हाही त्याचा पाय जागचा हलला नाही. समोर गल्लीतली लेकरं उभी होती. त्यांना ती म्हणाली, "बघा, असं ऱ्हावं माणसानं."

भोक वरून बुजलं. कोंडीबा रोज गव्हाला पाणी द्यायला जात होता. पाय सुजला तेव्हा त्यानं स्लीपरचा पट्टा सैल केला. पाय गरम लागतो, असं चतुराबाई म्हणाली, तर तो म्हणाला, दुखत न्हाई. दुखत नाही म्हटल्यावर तिलाही पुढं बोलायला जागा राहिली नाही. तीस वर्षं तिनं दुसरं कुठलं माप वापरलंच नव्हतं. शेवटी जवळा बाजारला दिलेली लेक मिना माहेरी आली. बापाच्या जवळ बसली आणि लगेच उठली.

"बाबा, तुमच्या पायाला वास येऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी तिघं जीपनं हिंगोलीला गेले. तिथल्या डॉक्टरनं वरची कातडी कापली, चिमटा आत घातला आणि बोटाच्या पेराएवढा तुरीच्या धसकटाचा तुकडा बाहेर काढला. काळा पडलेला, भिजून फुगलेला. चतुराबाई बघत राहिली. सुई तिथंच फिरली होती. बाजूची भाजलेली कातडी पाहून डॉक्टरनं विचारलं, हे काय? ती म्हणाली, "बिब्बा. मीच लावला." डॉक्टर पुढं तपासत राहिला. साखर फार वाढली होती, पाय त्यानंच बधिर झाला, असं तो म्हणाला. दोन बोटं गेलीच होती, ती काढायला नांदेडला जायला सांगितलं. उशीर केला तर पाऊल जाईल, कदाचित गुडघ्याखाली सगळंच.

कोंडीबानं धोतर सारखं केलं आणि उठायला लागला. "दुखत न्हाई ते कापायचं काहून? गव्हाचं पाणी बाकी हाय माझं."

मिना रडायला लागली. डॉक्टरनं त्याला पुन्हा बसवलं. "डोळे मिटा. मी पायाला टोचलं की 'व्हय' म्हणा."

कोंडीबानं डोळे मिटले. डॉक्टरनं सुईचं टोक अंगठ्याला लावलं, मग टाचेला, मग चांगल्या पायाच्या तळव्याला. चतुराबाई नवऱ्याचं तोंड बघत होती. शाळेत नाव पुकारायची वाट बघणाऱ्या पोरासारखं ते शांत होतं. टोचून झालं तरी तो वाटच बघत होता.

"करा की सुरू," तो म्हणाला.

डॉक्टरनं झालं म्हणून सांगितलं, तर कोंडीबा हसला. "फशिवता व्हय गरिबाला?"

"टोचलं त्यायनं," चतुराबाई म्हणाली. "इकडच्या पायाला बी टोचलं."

"तू बी त्यायच्याच बाजूनं."

"मी तुमचं तोंड बघत व्हते."

ती तोंड बघते म्हणजे काय करते, हे ओट्यावर बसून कोंडीबानं इतकी वर्षं पाहिलं होतं.

"काईच न्हाई दिसलं?"

"काईच न्हाई. त्या दिवशी बी दिसलं न्हवतं. मी म्हनलं, आत काई न्हाई. व्हतं की."

त्यानं आपल्या पायाकडे बघितलं, एखादी उसनी वस्तू बघावी तसं. मग मिनाला म्हणाला, "गव्हाचं तुझ्या काकाला सांगून ठेव."

नांदेडला दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. जखम भरेपर्यंत उन्हाळा संपला. तेवढ्या काळात चतुराबाईच्या ओट्यावर पायात काटा घेऊन कुणी आलं, तर ती आधी विचारायची, साखर हाय का? गावात त्यावर चेष्टा झाली. साखर नाही असं शपथेवर सांगणाऱ्या तातेरावचा पाय हिसकला नाही, तेव्हा तिनं सुई खाली ठेवली आणि त्याला हिंगोलीची जीप दाखवली. तातेराव चिडला. बाईच्या हाताचा गुण गेला म्हणून गावभर सांगत फिरला. हिंगोलीला तो गेला की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

कोंडीबाला सरळ ठेवणं त्याहून अवघड होतं. त्यानं बूट घालावा म्हणून ती भांडायची. बूट घालून रानात जाणं म्हणजे तलाठ्यासारखं वाटतं, असं तो म्हणायचा. रोज संध्याकाळी ती त्याचे दोन्ही पाय धुवायची, पुसायची आणि बल्बखाली धरून बोटांच्या फटी उघडून बघायची. तो वैतागायचा. "बाजारात बैल घेऊन राहिलीस का?"

पाच-सहा वर्षांनी, दोन हजार सहाच्या दिवाळीआधी, ऐन कापूस वेचणीत, तिला त्याच्या चांगल्या पायाच्या टाचेवर चिंचोक्याएवढा फोड दिसला.

"उद्यापासून रानात जायचं न्हाई."

"दुखत न्हाई अजिबात."

"म्हनून तर."

तो अडून बसला, मजूर मिळत नाही म्हणाला, बोंडं फुटून चालली म्हणाला. तिनं त्याची चप्पल आणि बूट दोन्ही कपाटात घालून कुलूप लावलं आणि स्वतः वेचायला गेली. फोड सुकेपर्यंत कोंडीबा ओट्यावर बसून होता. बायकोशी बोलत नव्हता, काय बोलायचं ते शेळीला सांगत होता.

फोड सुकला. कातडी गुलाबी, कोरडी झाली, तेव्हा चतुराबाईनं ती दोनदा बोटानं दाबून पाहिली आणि कपाट उघडून बूट त्याच्यापुढं ठेवला. कोंडीबानं तो मुकाट्यानं घातला आणि उरलेला कापूस बघायला निघून गेला.