खापरातला इस्तू

हिरे, मी पुण्याला निघाले त्या दिवशी फाट्यावर यष्टी थांबली, आणि कंडक्टर आपल्या आईच्या हातातलं खापर बघूनच ओरडला, "ओ मावशी, इस्तू घेऊन गाडीत? समद्यांना जाळता का काय?"

आई हटेना. "लेकीचं नवं बिऱ्हाड हाय. घरचा इस्तू नगं व्हय न्यायला?" गाडीतली माणसं हसायला लागली. तुझे भावजी शरमेनं चपलेकडं बघत उभे. तू आईच्या मागं नाक पुसत होतीस, तुला आठवत नसेल. शेवटी आईनं खापर बांधावर ठेवलं, माझ्या पदरात राखेची चिमूट बांधली आणि म्हणाली, "जा. काड्याच्या पेटीवर संसार कर आता." तो आशीर्वाद होता का राग, ते मला अजून कळलेलं नाही.

आता तू नवऱ्याबरोबर कल्याणला निघालीस म्हणून हे लिहितेय. चौथीपर्यंतच शिकलेय, चुका काढत बसू नकोस. दिवसभर गोदामात धान्य निवडून पाठीचा काटा ढिला झालाय, पण हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आईच्या इस्तवाचं वेड तुला ठाऊकच आहे. मुळशीच्या धरणाचं पाणी चढलं आणि आपलं खालचं गाव बुडालं तेव्हा ती नवी सून होती. आजीनं डोक्यावर भांडी घेतली आणि हिच्या हातात खापर दिलं. ते सांभाळत ती डोंगर चढून वर आली. "घर पाण्यात गेलं, इस्तू न्हाई गेला," असं ती सांगायची तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. रोज स्वयंपाक उरकला की निखाऱ्यांवर राख ओढायची आणि सकाळी फुंकर मारून तोच जाळ उठवायची. चुलीत पाणी ओतणं म्हणजे तर अभद्र! एकदा माझ्या हातनं कळशी कलंडली होती तर पाठीत धपाटा बसला होता.

आबा गेले, तूही सासरी गेलीस, आणि ती एकटी पडली. माझी नंदी तेव्हा रांगत होती. मी म्हटलं, आये, चल माझ्याकडं, मलाही कामावर जाता येईल. महिनाभर "बघू, बघू" केलं आणि मग आली. यायच्या आधी काय केलं असेल? शेजारच्या सखूमावशीच्या चुलीत आपला इस्तू नेऊन ठेवला. "सखे, संभाळ. म्या आले की नेईन."

म्हणजे ती राहायला आलीच नव्हती. पाहुणी आली होती. मला मात्र ती हवी होती, बाई. तिच्याशिवाय माझी नोकरी सुटत होती, आणि नोकरी सुटली तर यांच्या एकट्याच्या पगारात चूल कशी पेटायची?

श्रावणात एका दुपारी पावसाची झड लागली. गोदामात पाणी शिरलं म्हणून मुकादमानं आम्हाला लवकर सोडलं. घरी आले तर खोलीचं दार आतून बंद. हाका मारल्या, कडी वाजवली, आतून हूं नाही की चूं नाही. शेजारच्या अण्णांनी खांद्यानं दार ढकललं. आत आई भिंतीला टेकून बरळत होती आणि तिच्या मांडीवर नंदी मान टाकून पडली होती. कोपऱ्यात कोळशाची शेगडी, वर नीट ओढलेली राख. पोरीला गारठा लागू नये म्हणून हिनं खिडकीसुद्धा लावली होती.

आपल्याकडं छपराच्या गवतातनं धूर वाट काढतो, आणि चुलीत लाकडं असतात. इथं वर स्लॅब, खाली कोळसा, आणि खिडकी एकच. आईला हे कोण सांगणार? मलाही सुचलं नव्हतं.

नंदीला गॅलरीत पावसात धरलं. किती वेळ गेला देव जाणे. मग तिनं एकदम टाहो फोडला. आयुष्यात इतकं गोड रडणं मी ऐकलं नाही. मी वळून आईवर ओरडले, "आये, काय केलंस गं हे!"

ती ओकत होती, डोकं धरून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "रडली न्हवं पोरगी?"

मग भिंतीला धरत उठली. मला वाटलं, आता बोचकं बांधणार, मुळशीला जाते म्हणणार. तर तिनं तांब्या उचलला आणि सगळं पाणी शेगडीत ओतलं. चर्रर्र झालं. शेगडी मातीची, तडकली. ती त्या वाफेकडं बघत म्हणाली, "हितला इस्तू निजवायचा न्हाई. चुकलं माजं." एवढंच. "आमच्याकडं असं नसतं" हे वाक्य तिनं त्या दिवशीही म्हटलं नाही, पुढंही कधी नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडून काडी ओढायला शिकली. काड्या मोडायची, बोटं भाजून घ्यायची, पेटीला शिव्या घालायची. "मुडद्या, पेट की!" पण शिकली. रोज रात्री नव्या लोखंडी शेगडीत पाणी ओतायची ते मात्र तोंड फिरवून. मुळशीचं नाव काढेना झाली. नंदी शाळेत जायला लागली, आणि दोन वर्षांनी आईनं त्याच खोलीत डोळे मिटले.

कशी रागावू तिच्यावर आता? सगळा जन्म जपलेलं एका तांब्यात विझवलं, ते माझ्या पोरीसाठी. मला साधी भाजीवाली बदलायची म्हटलं तरी जिवावर येतं.

तिचे दिवस झाल्यावर मी घर आवरायला गावी गेले. आपली चूल गार, त्यात मांजर व्यालेलं. सखूमावशीनं हाताला धरून नेलं, कोरा चहा टाकला. चुलीतला निखारा चिमट्यानं पुढं ओढून म्हणाली, "तुज्या आयची ठेव हाय ही. येका दिसाला इजू दिली न्हाई. नेतीस?"

मी म्हटलं, "कुठं नेऊ, मावशे? माझ्याकडं खिडकी एकच हाय."

"मग ऱ्हाऊ दे हितंच. म्या हाय तवर हाय."

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी पुण्यातल्या खोलीचा पत्ता सांगते. पण फार दमले की डोळ्यांपुढं सखूमावशीची चूल येते. कल्याणला जाण्याआधी तूही तिच्याकडं जाऊन ये, हात शेकून घे. खापर मात्र मागू नकोस.

आणि तिथं शेगडी पेटवलीस तर दार उघडं ठेव. निजायच्या आधी वर पाणी ओत. तोंड फिरवून का होईना, पण ओत, हिरे. आईनं ओतलं होतं.