नसलेल्या विषयाचा विद्यार्थी

ज्या विषयाची पदवी कुठलीच युनिव्हर्सिटी देत नव्हती, त्या विषयात लागोपाठ चार वर्षं नापास होणारा माणूस अख्ख्या मुंबई इलाख्यात एकच होता, आणि तो माझा आतेभाऊ होता. एकोणीसशे तीसच्या आगेमागे तो कोल्हापुरास कॉलेजात शिकत होता. कागदोपत्री त्याचा विषय संस्कृत, मनातला विषय नाटक. नाट्यकलेत बी.ए. करायचं आहे, फी कुठे भरू, असा त्यानं युनिव्हर्सिटीला अर्ज केला होता. ‘सध्या असा विषय नाही,’ असं एका ओळीचं उत्तर आलं. त्यातला ‘सध्या’ हा शब्द त्याला इतका आवडला, की ते पत्र त्यानं एका जाड वहीच्या पहिल्या पानावर डकवलं आणि आपल्याला प्रवेश मिळाला असं धरून चालला.

सुट्टीत तो सर्व्हिस मोटारीनं घाट उतरून रत्नागिरीत आला, की आमच्या पाखाडीवरचे दिवस अर्धवट झोपेतल्यासारखे, सावकाश आणि गोड होऊन जात. कुणाच्याही घरात तो सरळ शिरत नसे. उंबऱ्यावर थबकून, मान किंचित उचलून तो ‘प्रवेश’ करी. मनासारखा जमला नाही तर अंगणापर्यंत परत जाई आणि पुन्हा येई. एकदा तिसऱ्यांदा परतला तेव्हा सूप हातात घेतलेली माझी आई वैतागली. “मेल्या, येतोस की जातोस ते एकदा ठरव! कोंबड्या घाबरल्या माझ्या.” त्यानं वहीत लिहून घेतलं : प्रेक्षक अस्वस्थ, परिणाम चांगला.

बोटीच्या दिवशी मात्र तो बंदरावर गप्प बसून असे. मुंबईला निघालेले पुरुष पडावात चढायचे, बायकामुलं धक्क्यावर उभी राहायची, लांब बोट धूर सोडत वाट बघायची. आणि हा वाळूत बसून लोक कसे रडतात त्याचा अभ्यास करायचा. मी मॅट्रिकनंतर म्युनिसिपालटीत चिकटलेला सरळमार्गी माणूस, मला लाज वाटे. पण त्याचं लक्षच नसे. “बघ हं,” तो म्हणायचा, “ज्याला खरं रडू येतं ना, तो बोटीकडे बघतसुद्धा नाही. गाठोड्याची गाठ सोडतो नि पुन्हा बांधतो. बांधलेलीच गाठ रे!” त्यानंतर मलाही धक्क्यावर सगळीकडे नुसते हातच दिसू लागले.

मे महिन्यात तो स्वतःची परीक्षा घेई. पेपर स्वतः काढायचा, लाखेनं बंद करून माझ्याकडे ठेवायचा, महिनाभरानं कातळावरच्या एकुलत्या एका आंब्याखाली बसून तीन तास सोडवायचा. पर्यवेक्षक मी. एका वर्षी दुसरा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, अशी त्यानं माझ्याकडे लेखी तक्रार केली. तपासायचाही तोच, आणि इतका कडक, की लेखीत कसाबसा सुटला तरी प्रात्यक्षिकात हटकून नापास. कारण प्रात्यक्षिकाची अट भलतीच होती : समोरच्या एकाही माणसाला हे नाटक आहे याचा पत्ता लागता कामा नये.

आप्पा म्हणजे त्याचे वडील, कोर्टात नाझर, घरातही कोर्टच. चौथ्या वर्षी त्यांनी निकाल आधीच देऊन ठेवला होता. “बी.ए. झालास तर पुढे तुझं तू बघ. नाही झालास तर ती वही चुलीत आणि तू मुंबईला काकाच्या पेढीवर.” आणि तो संस्कृतात नापास झाला. निकाल कळवणारं मित्राचं कार्ड आप्पांच्या हाती लागू नये म्हणून माझ्या पत्त्यावर मागवलं होतं. ते वाचून तो पांढराफटक पडला आणि दुसऱ्याच क्षणी म्हणाला, “तालीम करायला हवी.” तीन दिवस आम्ही कातळावर तालमी केल्या. मी आप्पा व्हायचो, तो कधी करुण, कधी वीर रसात नापास व्हायचा. घरी आप्पा रोज जेवताना विचारीत, “निकालाचं काही कळलं का रे?” “अजून नाही,” हा भात कालवत शांतपणे म्हणे. आप्पा आणखी आमरस वाढून घेत. बाहेर आल्यावर मी त्याची पाठ थोपटायचो. आप्पांना काडीची शंका आली नव्हती!

चौथ्या दिवशी दिवेलागणीला आप्पा ओटीवर झोपाळ्यावर बसले होते, शेजारी कोर्टाचं तांबड्या फडक्यातलं दप्तर. मी दाराआड प्रॉम्प्टर. आतेभाऊ आला तो उंबऱ्यावर न थबकता, जन्मात पहिल्यांदाच. “आप्पा, मी...” म्हणाला आणि थांबला. मी दोनदा वाक्य दिलं. त्याला ऐकूच गेलं नाही. तो तसाच उभा राहून घळाघळा रडायला लागला.

आप्पांनी दप्तराची गाठ सोडली. एकही कागद काढला नाही. पुन्हा बांधली.

“शुक्रवारीच पेपरात वाचलं मी,” ते म्हणाले. “पेढीचं पत्र काही लिहीत नाही. पुन्हा बैस परीक्षेला.” मग आत तोंड करून, “अगो, पानं घे.”

“चार दिवस परसात जाऊन फणसाला रागे भरत होते हो!” आत्या मला नंतर म्हणाली. “मला वाटलं, ह्यांना बाधलं काहीतरी.”

आतेभाऊ पुढच्या वर्षी बी.ए. झाला, आणि जन्मभर त्यानं हायस्कुलात संस्कृत शिकवलं. रंगभूमीवर कधी उभा राहिला नाही. आता तो नाही, आप्पा तर केव्हाच गेले. हल्ली नाटकाची पदवी मिळते म्हणे. त्याची नात त्या वर्गात दाखल झाली आणि वही मागायला माझ्याकडे आली. आप्पा गेल्यावर त्यानं ठेवायला दिलेली ती इतकी वर्षं माझ्या ट्रंकेत होती, पण शेवटचं पान मी तिच्याबरोबरच पहिल्यांदा वाचलं. प्रात्यक्षिक परीक्षा, चौथं वर्ष. स्वतःच्या नावापुढे : ‘अनुत्तीर्ण. रडला ते खरं, सबब गुण नाहीत.’ खाली आप्पांचं नाव : ‘शंभरपैकी नव्याण्णव. एक गुण गाठीचा कापला.’

तो आकडा पुढे केव्हातरी, वेगळ्या शाईनं, खोडून शंभर केलेला होता.