पहिली मूठ

माझ्या धाकट्या दिरांनी एकतीस वर्षं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दगड दळले. तिथे त्यांना सगळे भुकटीकाका म्हणत. घरी आले की मी त्यांना दाराबाहेरच शर्ट झटकायला लावी.

"वहिनी, ही धूळ पन्नास कोटी वर्षांची आहे."

"असेल. माझी फरशी आज सकाळी पुसलेली आहे."

दळण्याचा त्यांचा एक नियम होता. नवा दगड घेतला की त्याची पहिली मूठभर भुकटी फेकून द्यायची. गिरणीत आधीच्या दगडाचं काही चिकटून राहिलं असेल, तर ते तिच्याबरोबर जातं.

निवृत्तीला चार महिने उरले असताना एका संशोधक मुलीने चुनखडीचे बावीस तुकडे आणले. ती चुनखडी एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेली. त्या पाण्यात प्राणवायू होता का, हे तिला शोधायचं होतं. दिरांनी मला ते जेवताना समजावलं. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं ही भावंडांसारखी, जिथे जातील तिथे बरोबर. पाण्यात प्राणवायू असला की एकटं सिरियम रुसून वेगळं होतं, म्हणून चुनखडीत ते कमी भरतं. प्राणवायू नसला, तर सगळी एकत्र.

एकवीस तुकड्यांत सिरियम कमी निघालं. सतराव्यात मात्र पुरेपूर. म्हणजे मध्येच कधीतरी तो समुद्र गुदमरला होता! मुलगी हरखून गेली. परिषदेत याच शोधावर बोलायचं तिचं ठरलं.

त्या संध्याकाळी दिरांनी ताट तसंच सारलं.

"सतरावा तुकडा लिंबाएवढा होता, वहिनी. त्यातला अर्धा राखून ठेवायचा. पोरगी त्याच्यासाठी दोन दिवस डोंगर चढली होती. फेकायला जीव होईना. पहिली मूठ मी राहू दिली."

"त्याआधी गिरणीत काय होतं?"

"खाणीचा दगड. याच मूलद्रव्यांनी ठासून भरलेला."

"कुणाला कळणार आहे?" मी बोलून गेले. हे वाक्य माझ्या डायरीत आहे, खोडलेलं नाही.

"उद्या कुणीतरी तोच थर पुन्हा तपासेल. तेव्हा खोटी ती पडेल, मी नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सगळं सांगितलं. राखून ठेवलेला अर्धा तुकडा तिच्यादेखत दळला, पहिली मूठ फेकली. निकाल यायला तीन आठवडे लागले. सिरियम कमी. समुद्र कधी गुदमरलाच नव्हता. तिने परिषदेतलं भाषण रद्द केलं आणि पुढचे नमुने दुसऱ्या इमारतीतल्या गिरणीवर न्यायला लागली. दिवसच्या दिवस दिरांचा शर्ट कोरा करकरीत घरी येई. ते दारात थांबत, झटकायला काही नाही हे आठवून आत येत.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ती एक जड पिशवी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"त्याच डोंगराचे वरचे थर आहेत, काका."

"तिकडची गिरणी बंद पडली का?"

"चालू आहे. पण तिथला माणूस काही चुकलं तर सांगेल, याची खात्री नाही." मग पिशवी टेबलावर ठेवत म्हणाली, "आणि पहिली मूठ फेका हं. मी इथेच बसणार आहे."

त्या संध्याकाळी ते धुळीने पांढरेफटक होऊन आले आणि सरळ आत येऊन खुर्चीवर बसले. मी फरशीबद्दल अवाक्षर काढलं नाही.