आशीर्वादाची पाटी

नशिराबादच्या तोताराम मिस्त्रींना धुळ्याहून मुलाचा, कुंदनचा फोन आला. देवपूरच्या नव्या घराची वास्तुशांती होती, पण बोलावणं तोतारामांच्या ड्रिलला होतं. दारावर 'आईवडिलांचा आशीर्वाद' ही पाटी बसवायची होती.

तोताराम ड्रिल घेऊन धुळ्याला गेले, पण दुसरं भोक पाडताना ते बंद पडलं. तोतारामांनी प्लग दुसऱ्या बोर्डात लावून पाहिला, वायर हलवली, शेवटी मशीन खोललं. मोटारीला वीज पोचवणारे आतले कार्बन पार झिजले होते.

"बाजारातून नवे आणतो, टाकले की लगेच चालू होईल," ते म्हणाले.

"राहू द्या नाना, पाहुणे येतील आता," म्हणत कुंदननं पाटी डबल टेपनं चिकटवली आणि बापाला एसटीत बसवून दिलं.

नशिराबादला घरी कुंदनची आई नवं पातळ नेसून दारातच बसली होती. तिला वाटलं, तोताराम आपल्याला न्यायला आलेत.