चितवनचा गेंडा

सेक्टर सतराच्या बस अड्ड्यावरून आमची बस सकाळी सहाला सुटायची होती. ती पावणेआठला सुटली, कारण एका कुटुंबाची लोणच्याची बरणी घरी राहिली आणि ती आणायला ते गृहस्थ रिक्षा करून बावीस सेक्टरात परत गेले. बाकीच्यांनी त्यांना नावं ठेवली नाहीत, उलट ते परतल्यावर "मिल गया जी?" म्हणून आनंदानं विचारलं. चंदीगडात अठरा वर्षं काढूनही हा मोकळेपणा काही माझ्या अंगात आलेला नाही. मी मूळचा साताऱ्याकडचा. उशीर झाला की माझं डोकं फिरतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. चितवनचं राष्ट्रीय उद्यान होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. सहल दोन आठवड्यांची होती. आधी काठमांडूची देवळं, मग चितवनचं जंगल. आमच्यापैकी एकानंही याआधी देशाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. ऑफिसात सगळ्यांनी माझी टिंगल केली होती, "यार कदम, नेपाल भी कोई फॉरेन है?" मी म्हटलं, हद्द ओलांडली की परदेश. वाद संपला.

माझी मुलगी मधू पोचवायला आली होती. ती कॉलेजात होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. "पापा, गैंडा पक्का देखके आना," ती म्हणाली. मी मान डोलावली. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात, रुमालात गुंडाळलेली, डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती. तिच्याबद्दल मधूला ठाऊक नव्हतं आणि तिच्या आईलाही नव्हतं.

ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. टी-स्क्वेअर आणि शाईचं पेन यांवर सव्वीस वर्षं पोट भरलं. दीड वर्षापूर्वी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला काचबिंदू असल्याचं सांगितलं. डाव्या डोळ्यानं जवळजवळ रजा घेतलेली होती आणि उजव्याची नजर कडांकडून आकसत चालली होती. "जो गया वो वापस नहीं आएगा," त्या म्हणाल्या. "जो है, उसे सँभालिए." समोर धरलेली रेघ मला दिसत होती, म्हणून ऑफिसात कुणाला पत्ता लागला नाही. पण नव्या वर्षात सगळ्या ड्राफ्ट्समन लोकांची नजर तपासायची आहे, असा कागद फिरला होता. म्हणजे नोकरी गेली, क्वार्टर गेलं. हे मी सिंधूला, माझ्या बायकोला, सांगितलं नव्हतं. धीरच झाला नाही. नजर आहे तोवर एक मोठं, खरं, मोकळं जनावर बघायचं आणि मग तिला सांगायचं, एवढंच मी ठरवलं होतं. सहलीला जाऊ म्हटल्यावर ती एका शब्दानं का, कशाला म्हणाली नाही. मला वाटलं, सुटलो.

सहलीचे म्होरके बलबीरसिंग, फौजेतून निवृत्त झालेले. दर थांब्यावर ते बसच्या दारात उभे राहून माणसं मोजायचे आणि आकडा जुळला की स्वतःलाच "शाबाश" म्हणायचे. लखनौ झालं, गोरखपूर झालं, तिसऱ्या दिवशी रक्सौलची हद्द आली. पलीकडे वीरगंज. बलबीरसिंगांनी जाहीर केलं, "घड़ी दस मिनट आगे कर लो जी, फॉरेन आ गया." खरंच, नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा दहा मिनिटं पुढे होतं. सगळ्यांनी हौसेनं काटे फिरवले. आणखी एक गंमत म्हणजे दुकानांच्या पाट्या देवनागरीत होत्या. परदेशात गेलो आणि पहिली पाटी घडाघडा वाचली.

त्या प्रवासात मला दर सहा तासांनी औषध घालायचं होतं. बस थांबली की मी पाण्याचा डबा घेऊन झाडामागे, नाहीतर हॉटेलच्या मागच्या संडासात. औषध झोंबायचं, भुवईवर ठणका लागायचा, डोळे लाल व्हायचे. तिसऱ्या खेपेला बलबीरसिंगांनी मला बाजूला घेतलं आणि माझ्या तळहातावर मूठभर ओवा ठेवला. "शरमाना क्या, कदम साहब. पेट सबका खराब होता है." सगळ्या बसमध्ये माझं पोट बिघडल्याची बातमी झाली. मी ओवा चावला. सिंधू खिडकीबाहेर बघत होती.

हेटौड्यापासून काठमांडूपर्यंतचा राजपथ म्हणजे वळणांवर वळणं. निम्मी बस ओकत होती. दामन नावाच्या घाटमाथ्यावर गाडी थांबली आणि उत्तरेला सबंध हिमालय उघडा पडला. लोक हात पसरून "इधर से उधर तक!" म्हणत होते. मला मात्र तो तुकड्यातुकड्यानं बघावा लागला. एक शिखर पाहायचं, मान सरकवायची, दुसरं पाहायचं. मी प्रत्येक शिखरावर तब्येतीनं थांबलो. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही पाहिलेलं नव्हतं.

काठमांडूत जेवणाला दाल-भात-तरकारी आणि गुन्द्रुक (आंबवून वाळवलेल्या पाल्याची आंबट भाजी). पंजाबी मंडळी दुसऱ्या दिवशीच रोटीसाठी कासावीस झाली. आम्ही दोघं मात्र भातावर तुटून पडलो. सिंधूनं डब्यातली लसणाची चटणी काढली आणि माझ्या ताटात वाढली. वाढप्यालाही तिनं आग्रह करून दिली. तो हाशहुश करत म्हणाला, "आमा, यो त आगो हो!" (आई, ही तर आग आहे!) सिंधू खळखळून हसली. तिला तशी हसताना पाहिलं की मला सांगायचं असलेलं आणखी आत जायचं.

पशुपतिनाथाला पहाटेच रांग होती. दर्शन झालं. बाहेर बागमतीच्या घाटावर दोन चिता जळत होत्या आणि तिसऱ्या जागी एका म्हाताऱ्याला आणून ठेवलं होतं. तो अजून जिवंत होता. त्याचे पाय पाण्याला लावलेले होते आणि त्याची म्हातारी जवळ बसून त्याच्या कानाशी एकसारखं काहीतरी सांगत होती. रडत नव्हती, नुसती सांगत होती. मी सिंधूला विचारलं, "देवाकडे काय मागितलंस?"

"मागायचं काय? आहे तेवढं राहू दे म्हटलं," ती म्हणाली.

भादगावला (भक्तपूरला) संध्याकाळच्या सुमाराला पोचलो. तिथं पाच मजली देऊळ आहे, मोठ्या चौथऱ्यांवर, दोन्ही अंगांना दगडी पहिलवान आणि हत्ती. चढताना काही वाटलं नाही. उतरताना उजेड उतरला होता आणि पायऱ्या मला दिसेचनात. मी शेवटच्या चार पायऱ्या बसूनच उतरलो, म्हणजे घसरलो. गुडघा फुटला. "काय पायऱ्या बांधल्यात! एक उंच, एक बुटकी!" मी ओरडलो. ड्राफ्ट्समनच्या डोळ्यांना त्या पायऱ्या एकसारख्या आहेत हे दिवसाउजेडी कळलं असतं. सिंधूनं रुमाल भिजवून गुडघा पुसला. "हो, वेड्यावाकड्याच आहेत," ती म्हणाली.

परत हेटौड्याला उतरून आम्ही चितवनला पोचलो. राप्ती नदीच्या काठी गवती छपराच्या खोल्या. पलीकडे दोन पुरुष उंचीचं गवत आणि त्यामागे साल वृक्षांचं जंगल. जंगल दाखवणारे थापाजी होते, अंगानं किरकोळ, बोलायला मऊ, पण नियमाचे पक्के. संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात बसवून समजावलं, "हाथी पर बोलना नहीं. इशारा भी नहीं. जानवर दिखेगा तो महावत लाठी से बताएगा. जो बोलेगा उसका हाथी वापस." बलबीरसिंगांच्या माणसांना गप्प बसवणं ही सोपी गोष्ट नव्हे, पण थापाजींकडे बघून सगळ्यांनी माना हलवल्या.

मला त्या नियमाची धडकी भरली. बोलायचं नाही म्हणजे "कुठे? कुठल्या झाडाखाली?" असं विचारायचं नाही. आजवर मी विचारून, अंदाजानं, दुसऱ्यांच्या बोलण्यावरून निभावत होतो. एकच सकाळ हातात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बस परत निघणार होती.

सकाळी धुकं होतं. एका हत्तीवर चौघं, हौद्याच्या चार कोपऱ्यांना. आमच्याबरोबर लोणच्याच्या बरणीवाले गृहस्थ आणि त्यांची बायको. सिंधू माझ्या डावीकडे. गवत इतकं उंच की हत्तीवर बसूनही त्याचे तुरे तोंडाला लागत होते आणि दहिवरानं कपडे भिजत होते. चितळं दिसली, म्हणजे इतरांना दिसली. माहुताची काठी उठली, सगळ्यांच्या माना वळल्या, आणि माझी नजर तिथे जाऊन शोधेपर्यंत गवत नुसतं हलत होतं. मोराचंही तसंच. मी हसरं तोंड करून बसलो होतो. तासभर गेला. मला स्वतःचा इतका राग आला की मी दातओठ खायला लागलो. अरे, सगळं लपवून, बायकोला अंधारात ठेवून इथवर आलास, आणि आता गवत बघ.

मग हत्ती थबकला. माहुताची काठी हळूच उठली. बरणीवाल्यांनी श्वास आत घेतला तो मला ऐकू आला. मी काठीचं टोक शोधलं, टोकापुढे बघितलं. गवत. मोकळी माती. एक वाळका ओंडका. मी मान इकडे केली, तिकडे केली. काही नाही. जवळच काहीतरी मोठ्यानं फुरफुरलं, आणि मला दिसेना. डोळ्यांत पाणी आलं आणि आहे तेही पुसट झालं.

तेवढ्यात माझ्या हनुवटीवर हात आला. सिंधूचा. तिनं आधी पदरानं माझे डोळे टिपले. मग मधूची वेणी घालताना तिचं तोंड वळवायची तशी तिनं माझी हनुवटी धरली आणि सावकाश डावीकडे वळवली. थोडी खाली. आणखी जरा. आणि थांबली.

गेंडा होता. वीस पावलांवर. चिखलानं माखलेला, कातडीच्या घड्या पडलेल्या, कानांच्या कडांना केस. त्याचं एक शिंग, त्याचा बारीक डोळा, नाकपुडीतून निघणारी वाफ, सगळं माझ्या उरलेल्या नजरेत नेमकं बसलं. तो गवत तोडत होता आणि चावत होता. आम्ही त्याच्या खिजगणतीत नव्हतो. मी पापणी हलवली नाही. सिंधूचा हात माझ्या हनुवटीखाली तसाच होता आणि मला तेव्हा कळलं की हिला सगळं ठाऊक आहे.

तो गवतात शिरला तेव्हाच तिनं हात काढला.

परतल्यावर आम्ही नदीच्या काठावर बसलो. "कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या वर्षीच्या गणपतीपासून. तुम्ही पान चाटूनपुसून संपवलंत आणि डावीकडच्या चटणीला बोटसुद्धा लावलं नाहीत. वर मलाच विचारलंत, आज चटणी केली नाहीस का? त्या दिवसापासून मी चटणी उजवीकडे वाढते."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मीठ-लिंबू जागचं हललं तर सुनावणारी ही बाई. वर्षभर मला चुकीचं पान वाढत होती आणि मी जेवत होतो.

"आणि ती बाटली," ती म्हणाली. "अजीर्णाला कुणी डोळ्यांतून औषध घेतं होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." इतका वेळ धरलेला तिचा आवाज आता फुटला. "फार दिवस लावलेत हो तुम्ही. मी रोज थांबत होते."

मला तिची क्षमा मागायची होती. मी नुसता तिचा हात धरून बसलो. बलबीरसिंग माणसं मोजत आमच्यापर्यंत आले, दोन बोटं आमच्याकडे करून गेले आणि या खेपेला "शाबाश" म्हणाले नाहीत.

परतीचे तीन दिवस मी बसमध्ये, जागेवर बसून, सगळ्यांसमोर औषध घातलं. बरणीवाले बाटली धरायला पुढे झाले. चंदीगडला पोचल्यावर मधूला अड्ड्यावरच सांगितलं. ती रडली, आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "बाबा, मला का नाही सांगितलं?" सोमवारी मी तपासणीची वाट न बघता साहेबांच्या खोलीत गेलो. ते भले निघाले. मला नकाशांच्या दप्तरात बसवलं. आखायचं नाही, सांभाळायचं. मनाला लागलं, पण क्वार्टर राहिलं.

प्रवास करून माणूस शहाणा होतो की नाही मला माहीत नाही. मी एवढंच शिकलो की एकट्यानं बघायचा हट्ट धरला तर होतं नव्हतं तेही हातचं जातं. आता मला समोरची रेघही दिसत नाही. हे सगळं मी सांगतो आहे आणि सिंधू लिहिते आहे. गेंड्याचा मजकूर सांगून झाला तेव्हा तिचं पेन थांबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याच्यामागे पिल्लू होतं," ती म्हणाली. "अगदी पोटाशी लागून. तो गेंडा नव्हता हो, मादी होती. तुमची मान आणखी चार बोटं वळवली असती तर दिसलं असतं."

"मग वळवली का नाहीस?"

"दोघं एकदम तुम्हाला दिसली नसती. पिल्लू दाखवायला गेले असते तर आई हातची गेली असती. आणि तुम्ही इतके खूष होतात..." ती थांबली. "इतकी वर्षं मनात ठेवलं. आता कागदावर खोटं कसं लिहू?"

मी तिला म्हटलं, "पेन ठेव खाली. कसं होतं पिल्लू, ते सांग."

तिनं पेन ठेवलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि सांगायला लागली.