नुसतं खरवडून दे

फोन आला तेव्हा माझ्या हातात दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा तुकडा होता. सांगलीत विश्रामबागेत माझं फरशीचं दुकान आहे. लोक जुन्या घराची फुटकी फरशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणतात आणि विचारतात, ही कसली, हिला जोड मिळेल का. मी ती पालथी करून बघतो, ओली करतो, किल्लीनं ओरखडतो आणि सांगतो. इतक्या वर्षांत सहसा चुकलेलो नाही, आणि त्याचा मला माज आहे, तो लपवत नाही. तर त्या दुपारी भाच्याचा, संपतचा फोन. "मामा... आई गेली." चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडली म्हणे. मी समोरच्या गिऱ्हाइकाला आधी सांगितलं की तुमची फरशी कडाप्पा आहे, जोड मिळेल, आणि मग खुर्चीत बसलो. धंद्यानं माणूस असा होतो. निदान मी तरी झालो.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून माझा शेंबूड पुसण्यापासून सगळं तिनंच केलं. तिला शिराळ्याजवळच्या एका गावात बिजवराला दिली. उसाची जमीन आहे, पोटभर खाईल, एवढाच वडिलांचा हिशेब. दाजींची पहिली बायको वर्षभरापूर्वी वारली होती. कशानं वारली ते आमच्याकडच्या कुणी विचारलं नाही आणि त्यांच्याकडच्या कुणी सांगितलं नाही. लग्नात आक्काच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला त्या थोरलीच्या नावाचा चांदीचा टाक घातला. दुसरेपणाच्या बायकोनं तो मरेपर्यंत वागवायचा असतो. हळदकुंकू आधी त्याला, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं. माझ्या बहिणीच्या गळ्यात दुसऱ्याच बाईचं ओझं, म्हणून मला लहानपणी त्या टाकाचा फार राग यायचा. आक्का म्हणायची, "आसू दे रं. तिचं काय वझं हुतंय मला?"

त्या घरात सोप्याला शहाबादी आली, न्हाणीघरात आली, पुढं गोठ्यातसुद्धा आली. स्वयंपाकघरात मात्र शेणच. सासूचा तसा नेम होता. आठवड्यातून दोनदा आक्का गुडघ्यांवर बसून ती जमीन सारवायची, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत मागं मागं सरकत. मी दुकान काढलं तेव्हा ठरवलं होतं, पहिली फरशी बहिणीच्या चुलीपुढं घालायची, मग गिऱ्हाईक. टेम्पो भरून घेऊन गेलो. सासू दारात आडवी उभी राहिली. "आवं पाव्हणं, म्हायेरची फरशी ह्या चुलीम्होरं यायची न्हाई. माघारी न्या." दाजी तिथंच बैलाजवळ उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. मागं दाराच्या फटीत आक्काचा चेहरा होता, आणि तिनं मला हातानंच खूण केली, जा. मी टेम्पो वळवला आणि पुढची पाच वर्षं भाऊबीजेला तो उंबरा चढलो नाही. म्हातारीची चांगली जिरवली असं मला वाटत होतं. ओवाळणीचं ताट करून दिवस मावळेपर्यंत वाट बघत कोण बसत होतं, तर आक्का. जिरली ती तिची.

सासू वारल्यावर येणं-जाणं पुन्हा सुरू झालं. तोवर आक्काचे गुडघे कामातून गेले होते, तरी सारवणं सुटलं नव्हतं. एकदा चहा पिताना मी म्हटलं, आता कोण अडवतंय, मोठ्या मोठ्या टाइल्स टाकून देतो, तोंड दिसंल तुझं त्यात. तिनं दाराकडं बघितलं. दाजी बाहेर कट्ट्यावर बसले होते. मग हळू आवाजात म्हणाली, "फरशी नगं आणू, बाळू. नुसतं खरवडून दे."

मी हसलो. "शेण खरवडून काय सोनं निघणार हाय व्हय गं?"

तीही हसली, पदर तोंडाला लावून, आणि माझी कपबशी उचलून मोरीकडं गेली. त्यानंतर दोनदा तिनं आठवण केली. मी म्हटलं दिवाळी होऊ दे. मग म्हटलं कारखान्याचा सीझन संपू दे, गडी मोकळे होतील. लोकांच्या बंगल्यांवर मुहूर्ताच्या आदल्या दिवशी माल पोचवणारा मी. मला बहिणीची दहा बाय बाराची खोली झाली नाही.

दहावं उरकल्यावर संपत म्हणाला, "मामा, तेराव्याला पंगती बसणार. सैपाकघर आता करून टाकू." आक्का जिवंत असताना जी फरशी तिला मिळाली नाही, ती तिच्या तेराव्याच्या पंगतीला मिळणार होती. मी निमूटपणे खोकी पाठवली, गडी घेऊन गेलो. गड्यानं पहार घातली तसा चार बोटं जाडीचा पोपडा सुटून आला, मातीच्या आणि शेणाच्या थरावर थर. सगळं आक्काच्या हातचं. गडी थांबला. "मालक, खाली कायतरी हाय वो."

खाली फरशी होती. म्हणजे फरशी म्हणावी तर तिला सांधा नव्हता. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अखंड, जांभळट तांबडी, आणि ओला हात फिरवला की थंडगार, गुळगुळीत. शहाबादी नव्हे, कडाप्पा नव्हे, मोझॅक तर नव्हेच. संपत विचारत होता, "कसली हाय, मामा?" आणि त्याचा मामा, ज्याला अख्खी सांगली तुकडे दाखवायला येते, गुडघ्यांवर बसून पुन्हा पुन्हा ओला हात फिरवत होता. आधी वाटलं, सिमेंटमध्ये लाल रंग घातलाय. किल्लीनं ओरखडलं तर आत पांढरे कण आणि विटेची भुकटी. शेवटी लिंबू मागवून पिळलं. सिमेंटवरही थोडा फेस येतो, पण हा दुधासारखा वर आला. चुन्याचा कोबा होता तो. चुना आणि विटेचा चुरा कालवून, आठ-आठ दिवस लाकडी चोपण्यानं चोपून, वरून तेलाचा हात देऊन केलेला. असा कोबा करणारा हात आता आमच्या भागात तरी मला माहीत नाही.

"हा कुणी केला?" मी मोठ्यानं विचारलं. दाजी उंबऱ्याबाहेर बसले होते.

"पैलीच्या भावानं. खंडाळ्याकडं चुन्याच्या भट्टीवर हुता त्यो. भनीला म्हणून करून दिल्ता."

"मग झाकला का?"

"तिला सातवा म्हयना हुता... त्याल सांडल्यालं. त्याच्यावर घसारली. न्हाई ऱ्हायली." मग म्हणाले, "आईनं आट दिसात माती टाकून बुजवला. म्हनली, पुन्यांदा ह्या घरात कुनाच्या भावाची फरशी नगं."

म्हणजे म्हातारी मला अडवत नव्हती, भीत होती. एवढं एक वाक्य त्या दिवशी बैलाजवळ उभ्या असलेल्या माणसानं उच्चारलं असतं, तर मी टेम्पो वळवलाच असता, पण भाऊबीजेला गेलो असतो. मी विचारलं, "आक्काला ठाऊक होतं?"

"म्या न्हाई सांगितलं. सारवता सारवता लागलं आसंल हाताला."

मला त्या म्हाताऱ्या माणसाची कीव यायला हवी होती. नाही आली. अजूनही येत नाही. बायकोला आयुष्यभर गुडघ्यांवर चालवली, आणि का ते सांगायला तोंड उघडलं नाही. पण त्यांना बोल लावायला मला तरी कुठं तोंड आहे? त्यांनी सांगितलं नाही, आणि मला सांगितलेलं मी हसण्यावारी नेलं.

कोपऱ्यातली ज्वारीची पत्र्याची कोठी हलवली तेव्हा तिच्यामागं पाटाएवढी जागा निघाली. स्वच्छ खरवडलेली, तेलानं पुसून पुसून चकाकणारी. कडेला थर असे सरळ कापलेले, जशी वडी कापावी. जागेच्या मधोमध वाळलेलं हळदकुंकू, आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं एक खुरपं, पातं झिजून बोटभर राहिलेलं. गुडघे चालत नसताना, नवरा शेताकडं गेला की, कोठीआड बसून ती हे करत होती. एवढंच झालं तिच्यानं. बाकीचं तिनं माझ्याकडं मागितलं होतं.

गड्याला मी परत पाठवलं. संपत म्हणाला, "आवं मामा, पंगतीला येळ न्हाई, टाका की वरनं टाइल्स." मी त्याला हात लावू दिला नाही. तेच खुरपं घेऊन दोन दिवस आणि दोन रात्री मी गुडघ्यांवर बसलो, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत मागं मागं सरकत. दुसऱ्या दिवशी माझेही गुडघे सुजले, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तेराव्याची पंगत त्या कोब्यावर बसली. कुणी घसरलं नाही.

सव्वा महिना झाला. खोकी अजून त्यांच्या अंगणात तशीच आहेत. आक्काच्या गळ्यातला टाक देव्हाऱ्यात ठेवलाय. यंदा अविधवा नवमीला थोरलीच्या नावाची एक आणि आक्काच्या नावाची एक, अशा दोन सवाष्णी जेवतील. दाजी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत, ताट उंबऱ्याबाहेर घेतात. मी दर रविवारी जातो. फडक्यावर गोडं तेल घेऊन सगळी जमीन पुसतो, जोर लावून, घाम निघेपर्यंत. कोठीमागची ती पाटाएवढी जागा मात्र वेगळी ओळखू येते. तिला जो रंग चढलाय तो बाकीच्या खोलीला अजून आलेला नाही.