पाळणाघरामागची झाडं

माझे सासरे, आबा, विद्यापीठाच्या बागेत माळी; तिथे त्यांना सगळे झारीमामा म्हणत. रबरी पाइप आले, फवारे आले, तरी त्यांची झारी काही सुटली नाही. माणसांशी बोलताना त्यांच्या तोंडून शब्द ओढून काढावा लागे, रोपांशी मात्र तासन्‌तास गप्पा. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "मी कुंडीत जाऊन उभी राहिले असते, तर माझीही विचारपूस झाली असती."

मी त्याच आवारातलं पाळणाघर सांभाळते. प्राध्यापकांची, कारकुनांची, सफाईवाल्यांची पोरं तिथे एकाच सतरंजीवर झोपतात, त्यात माझी लेकही. मागे पूर्वी हिरवळ होती, घटाघटा पाणी पिणारी. बागेचं काम बघणाऱ्या नव्या बाईंनी ती काढून कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांची रांग लावली आणि माळ्यांना बजावलं, "पहिलं वर्षभर पाणी द्या, मग हात आखडता घ्या. वर मिळालं नाही की मुळं आपोआप खोल जातात."

आबांना हे पटलं नाही. "तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही, हे कसलं शिक्षण?" असं त्यांनी घरी आम्हाला ऐकवलं. बाईंसमोर मात्र मान डोलावली. आणि वर्ष सरलं तरी रोज पहाटे फिरायला म्हणून बाहेर पडून झाडांना चोरून पाणी घालत राहिले. झाडं बघता बघता छपराच्या वर गेली. बाहेरचे पाहुणे बघायला येऊ लागले. बाईंनी सगळ्यांदेखत आबांकडे बोट दाखवलं, "यांच्या हाताला गुण आहे." झालं, आबांना स्वर्ग दोन बोटं उरला. खोटं कशाला बोलू, मीही मिरवून घेतलं.

मग एके दुपारी, पानही हलत नसताना, रांगेच्या टोकाचं झाड आडवं झालं. मुळं परातीसारखी पसरट, खाली एकही उतरलेलं नाही. बाई वाकून बघत राहिल्या.

"याला कुणी पाणी घालत होतं का?"

माळी एकमेकांकडे बघायला लागले. आबा म्हणाले, "घुशींनी पोखरलं असेल." त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार?

त्या दिवसापासून त्यांचं अन्नावरचं लक्ष उडालं. मी फारच खनपटीला बसले, तेव्हा ताट बाजूला सारून त्यांनी सगळं सांगितलं. "पोरी, आता पाणी तोडलं तर वाळतील, घातलं तर पडतील. सगळी तशीच आहेत."

"आबा, त्यांच्याखाली पोरं झोपतात. बाईंना सांगा."

"उभी झाडं तोडतील गं ते." त्यांनी माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "सकाळी आधी ऑफिसात जातो."

सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते माझ्याआधी घराबाहेर पडले. माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी आभाळ काळवंडलं आणि वारं सुटलं. पोरं नुकतीच झोपली होती. तेवढ्यात आबा दारात आले.

"सांगितलंत ना बाईंना?"

ते झोपलेल्या पोरांमधून पाय टाकत आत गेले, माझ्या लेकीला अलगद उचलून खांद्यावर घेतलं आणि तिच्या चपला हातात घेतल्या. "हिला घरी नेतो."

"आणि बाकीची?"

"येतील की त्यांची माणसं न्यायला," असं म्हणून ते माझ्याकडे न बघता निघून गेले.

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. आणि त्या रागातही आपली पोर बाहेर पडली म्हणून मला हायसं वाटलं, याची लाज वाटली. मागच्या खिडकीतून बघितलं, तर जवळच्या झाडाच्या बुंध्याशी माती वर उचलली जात होती आणि पुन्हा बसत होती. मी टाळ्या वाजवत ओरडायला लागले. मोठी पोरं डोळे चोळत दाराकडे पळाली. तान्ही तेवढी उठेनात, आणि उचलायला माझे हात दोनच होते.